लहान क्रूझिंग बोटीला पुढचं शीड किती मोठं घ्यावं?

पाणकाठ

मंडळी, पुढच्या शिडाबद्दल सल्ला हवा आहे.

बोट 27 फुटी, जुन्या घडणीची, मास्टहेड रिगची. म्हणजे फोरस्टे, नाळेकडून डोलकाठीला धरणारी तार, थेट डोलकाठीच्या टोकाला जातो. मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, तसं लहान, 12 चौरस मीटर. नाळेवर शीड गुंडाळणारा रोलर फर्लर आहे आणि त्यावर बोटीसोबतच आलेला 150 टक्क्यांचा जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं पुढचं मोठं शीड. त्याचं कापड आता पार मऊ पडलंय, शिवणीही जागोजागी उसवल्यात. डागडुजीत अर्थ नाही, नवा शिवून घ्यायचाय. प्रश्न फक्त मापाचा आहे.

बोटीवर बहुतेक वेळा आम्ही दोघंच असतो. शर्यत करायची नाही. दिवसाचे प्रवास, कधी रात्र धरून. वारा साधारण 8 ते 18 नॉट (ताशी सागरी मैल), दुपारी वाढणारा. 150 पूर्ण उघडा असला की 13-14 नॉटच्या पुढे बोट फार कलते. गुंडाळून लहान करावा तर बोट वाऱ्यावर चढायचं, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे जायचं, नाव घेत नाही, नुसती आडवी सरकत राहते.

कुणी म्हणतं 135 घ्या, कुणी म्हणतं सरळ 110 घ्या. शीड शिवणारा म्हणतो, तुम्ही सांगाल ते शिवून देतो. डोलकाठी, फोरस्टे आणि डेक यांच्यातल्या पुढच्या त्रिकोणाची मापं अशी: उंची (आय) 9.5 मीटर, पाया (जे) 3.1 मीटर, वजन अडीच टन. तुम्ही काय घेतलं असतं, आणि का?

नवखा खलाशी

धागा वाचतोय, मलाही हे ठरवायचं आहे. एक प्राथमिक शंका: ही टक्केवारी कशाची? क्षेत्रफळाची का?

उलट वारा

@नवखा खलाशी, नाही, क्षेत्रफळाची नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. फोरस्टेच्या बुडापासून डोलकाठीच्या पुढच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे जे. डेकपासून फोरस्टे जिथे डोलकाठीला मिळतो तिथपर्यंतची उंची म्हणजे आय. आता शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून, म्हणजे क्लूमधून, लफवर, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेवर, काटकोनात रेघ ओढा. तिची लांबी म्हणजे एलपी. एलपीला जेने भागलं की टक्केवारी मिळते. शीड वर कुठपर्यंत जातं याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. म्हणून दोन बोटींवर '135' लिहिलेली शिडं असली तरी त्यांचं क्षेत्रफळ पार वेगळं असू शकतं.

पाणकाठ, तुमच्या बोटीचा हिशोब करू. फोरस्टे साधारण 10 मीटर भरेल. फर्लरचा खालचा ड्रम आणि वरचं स्विव्हल (शिडाचं वरचं टोक धरून फिरणारा सांधा) यांची जागा सोडली तर लफ 9.2 मीटर धरू. क्षेत्रफळ म्हणजे एलपी गुणिले लफ भागिले दोन. मग 150 चं शीड येतं 21.4 चौरस मीटर, 130 चं 18.5 आणि 110 चं 15.7.

आता हे 150 आलं कुठून, तेही बघा. 1970 च्या दशकात आयओआर नावाचा शर्यतीचा नियम चालायचा. त्यात पुढच्या शिडाची एलपी जेच्या दीडपटीपर्यंत नेली तरी बोटीचं रेटिंग, म्हणजे शर्यतीतला तिचा गुणांक, वाढत नसे. दीडपटीपर्यंतचं शीड फुकट मिळत असेल तर ते कोण सोडणार? त्यामुळे त्या काळच्या बोटी मोठा पुढचा त्रिकोण, मोठा जेनोआ आणि लहान मेनसेल अशाच आखल्या गेल्या, आणि त्याच साच्यातून क्रूझिंग बोटीही निघाल्या. म्हणजे तुमच्या बोटीवरचं 150 हे कुणी दोघांच्या प्रवासाचा विचार करून ठरवलेलं माप नाही.

पण एक गोष्ट विसरू नका. बोट त्या जेनोआवरच जगते. मेनसेल 12 आहे. शीड आणि वजनाचं गुणोत्तर काढा: एकूण शीड चौरस मीटरमध्ये, भागिले विस्थापन, म्हणजे बोटीने बाजूला सारलेलं पाणी, घनमीटरमध्ये (2.44) त्याचा दोन तृतीयांश घात. 150 धरून ते 18.4 येतं, 130 ला 16.8, 110 ला 15.3. क्रूझिंग बोटी साधारण 15 ते 18 मध्ये असतात, पण तो आकडा पुढचा त्रिकोण 100 टक्केच धरून काढलेला असतो. तसा काढला तर तुमचा 14.7 येतो. म्हणजे जेनोआ कमी केला की हलक्या वाऱ्यात बोट खरोखर जड पडणार.

मंद झुळूक

मी 150 च्या बाजूने बोलतो, कारण इथे सगळे लगेच लहान शिडाकडे वळतील असं दिसतंय.

तुम्ही म्हणता वारा 8 ते 18. पण सकाळचे 8 नॉट म्हणजे जुन्या, जड बोटीला जेमतेम. मोठा जेनोआ असेल तर 8 मध्ये बोट चार नॉट धरते, लहान असेल तर तुम्ही इंजिन सुरू करता. प्रवासाला निघालो की दिवसाचा बराचसा वेळ वारा कमीच असतो हा माझा अनुभव. मोठं शीड लहान करता येतं, लहान शीड मोठं करता येत नाही. फर्लर त्यासाठीच तर आहे.

एकल खलाशीण

@मंद झुळूक, 'मोठं शीड लहान करता येतं' इथेच तर सगळा वाद आहे. लहान करता येतं, पण लहान झालेलं ते शीड काय कामाचं राहतं? पाणकाठ स्वतःच लिहितायत की गुंडाळल्यावर बोट वाऱ्यावर चढत नाही.

मी बहुतेक एकटी असते. माझी बोट जरा नव्या आखणीची, फ्रॅक्शनल रिग (फोरस्टे डोलकाठीच्या टोकाच्या खालीच संपतो) आणि मोठं मेनसेल, त्यामुळे मला 105 टक्क्यांचं जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, पुरतं. टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून वळवून वारा दुसऱ्या बाजूला घेताना, ते श्राउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांच्या) पुढूनच पलीकडे जातं. शीट, म्हणजे क्लूला बांधलेला दोर, सोडली, दुसरी ओढली, विंचला (दोर ओढायच्या चरकाला) हँडल लावायच्या आधीच जिब जवळजवळ जागेवर. मोठ्या जेनोआला डोलकाठी आणि श्राउडना घासत पलीकडे जावं लागतं आणि मग शेवटचा दीड मीटर विंचवर दळत बसायचं. अरुंद खाडीत दर काही मिनिटांनी टॅक घ्यायचा असेल तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो.

आणि डेकला टेकलेल्या मोठ्या जेनोआच्या खालून पुढचं काही दिसत नाही. कलत्या बाजूला कोण येतंय ते बघायला एकाला उठून खाली वाकावं लागतं. एकट्याने चालवताना ते धोक्याचं आहे.

हलक्या वाऱ्यासाठी माझ्याकडे वेगळं नायलॉनचं हलकं शीड आहे, ते नाळेवरून सोडते.

उलट वारा

एकल खलाशीण यांनी टॅकचं लिहिलं, त्याला जोडून दोराच्या ताणाचं. पुढच्या शिडाच्या शीटवर किती ताण येईल याचं एक ढोबळ सूत्र आहे: क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले वाऱ्याच्या नॉटचा वर्ग, गुणिले 0.021. उत्तर किलोत. 20 नॉट सापेक्ष वाऱ्यात, म्हणजे चालत्या बोटीवर जाणवणाऱ्या वाऱ्यात, 21.4 चौरस मीटरला 180 किलो येतात, 15.7 ला 132. 12 नॉटला तेच मोठं शीड 65 किलोवर असतं. वाऱ्याचा वर्ग येतो म्हणून शिडाच्या मापापेक्षा वाराच जास्त बोलतो. 10 चे 14 नॉट झाले की दाब दुप्पट. 10 चे 20 झाले की चौपट.

दुसरं, शीड निवडताना आपण खरा वारा धरतो, पण शिडाला लागतो सापेक्ष वारा. खरा वारा 12 नॉट, बोट 45 अंशांत वाऱ्यावर चढतेय 5 नॉटने, तर शिडाला लागतात जवळजवळ 16 नॉट. तीच बोट, तोच वारा, आता पाठीवर घेतला तर उरतात 7. दाबातला फरक पाचपटीहून जास्त. म्हणून 'आमच्याकडे इतका इतका वारा असतो' एवढ्यावर माप ठरत नाही. वाऱ्यावर चढताना कुठल्या वाऱ्यात बोट धड चालायला हवी, ते आधी ठरवा. पाठीवरच्या वाऱ्याची सोय नंतर वेगळ्या मार्गाने करता येते.

पाणकाठ, वारा 18 पर्यंत, दुपारी वाढणारा म्हणालात, म्हणजे दुपारचा वारा 15 ते 18 धरू. वाऱ्यावर चढताना तो शिडाला 19 ते 22 लागणार. त्या वाऱ्यात तुम्हाला उघडं शीड 14 चौरस मीटरच्या आसपास हवं, म्हणजे 100 टक्के. आता प्रश्न इतकाच उरतो की कुठलं शीड 100 पर्यंत गुंडाळल्यावरही शिडासारखं दिसतं.

शिवणटाका

मी शिडं शिवतो, म्हणून या शेवटच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

शीड सपाट कापड नसतं. पट्ट्यांच्या कडा वक्र कापून त्याला पोट दिलेलं असतं. फर्लरवर ते गोल गोल गुंडाळायला लागलं की वरची आणि खालची टोकं घट्ट गुंडाळली जातात, पण मधला भाग, जिथे पोट सगळ्यात जास्त, तिथलं कापड पुरतं आत जात नाही. ते उरलेलं कापड मग शिडाच्या मध्यभागी फुगा होऊन लोंबतं. त्यातच पोटाची सगळ्यात खोल जागा मागे, लीचकडे, म्हणजे शिडाच्या मागच्या कडेकडे, सरकते. अशा शिडाने बोट कलते जास्त आणि पुढे जाते कमी. पाणकाठ यांची बोट आडवी सरकते ती यामुळेच. शीड जुनं आणि ताणलेलं असेल तर आणखीच.

यावर उपाय म्हणून लफच्या कडेला आतून फोमची पट्टी शिवतात, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. पहिल्या काही वेढ्यांत ही पट्टी मधला भाग जाड करते, त्यामुळे मधलं कापड टोकांपेक्षा जास्त खेचलं जातं आणि पोट सपाट होतं. काही जण फोमऐवजी दोर शिवतात. मला फोम बरा वाटतो, पण तो काही वर्षांनी दबून पातळ होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

फोम असला तरी मर्यादा आहे. शिडाचं क्षेत्रफळ पाव, फार तर तीस टक्के कमी होईपर्यंत आकार कामाचा राहतो. त्यापुढे तो फक्त वेळ मारून नेण्यापुरता. आता तुमचे आकडे घ्या. 150 वरून 100 वर यायचं म्हणजे एक तृतीयांश शीड गुंडाळायचं, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. 130 वरून 100 वर यायचं म्हणजे 23 टक्के, म्हणजे आत. तुमच्या बोटीला मी 130 च सांगेन.

कापडाचाही मुद्दा आहे. 150 शिवायचं तर हलक्या वाऱ्यात फुलावं म्हणून कापड हलकं घ्यावं लागतं. तेच शीड गुंडाळून 20 नॉटमध्ये वापरलं की त्याच हलक्या कापडावर जोराचा ताण येतो आणि ते ताणलं जातं. आणि ताणलेला आकार परत येत नाही. 130 ला जरा जाड डॅक्रॉन (पॉलिएस्टरचं शिडाचं कापड) घेता येतं. या मापाच्या बोटीला चौरस मीटरला 250 ग्रॅमच्या आसपास. शिवाय लीच आणि फूटच्या (खालच्या) कडेने उन्हापासून वाचवणारी जी पट्टी लावतो, तिचंही वजन असतं. हलक्या वाऱ्यात लीच लोंबते ती बऱ्याचदा तिच्यामुळे. हलकं चिकट कापड लावलं तर वजन वाचतं, पण ते जाड पट्टीइतकं टिकत नाही.

नवखा खलाशी

फार छान समजावलंत, धन्यवाद. मग आपोआप टॅक होणारं जिब का घेऊ नये? नव्या बोटींवर सगळीकडे दिसतं.

एकल खलाशीण

त्यासाठी डोलकाठीच्या पुढे डेकवर आडवा ट्रॅक, म्हणजे रूळ, लागतो आणि जिब पूर्णपणे डोलकाठीच्या पुढेच मावायला हवं, म्हणजे 90-95 टक्के. माझ्यासारख्या मोठ्या मेनसेलच्या बोटीला ते चालतं. पाणकाठ यांचं मेनसेल 12 चौरस मीटर, पुढे आणखी 13-14 एवढंच. 12 नॉटच्या खाली बोट हलणार नाही. सोय उत्तम, पण ती या बोटीची सोय नाही.

आणि लहान शिडाचा, म्हणजे 110 चा, आग्रहही मी इथे धरणार नाही. मास्टहेड रिगला 110 घ्यायचं असेल तर हलक्या वाऱ्याचं दुसरं शीड लागणारच, ते चढवायला-उतरवायला माणूस नाळेवर जाणार, आणि दोघांपैकी एक आधीच सुकाणूवर. ते जमत असेल तरच.

पाणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. 130 कडे कल झुकतोय. पण दोन शंका आहेत.

एक, आत्ताच्या जेनोआची शीट बाजूच्या डेकवरच्या ट्रॅकला जाते, तो ट्रॅक बराच मागे आहे. 130 ला तो चालेल का? दोन, शीड गुंडाळलं की सुकाणूवर जोर वाढल्यासारखा वाटतो, तो शिडामुळे की आणखी कशामुळे?

उलट वारा

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि दुसऱ्याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

आधी ट्रॅक. शीड लहान झालं की क्लू पुढे सरकतो आणि वरही जातो. मग लीड कार, म्हणजे ट्रॅकवर सरकणारी शीटची कप्पीही, पुढे यायला हवी. ती जुन्या जागी ठेवली तर शीट फूटला ताणते आणि लीच वरून सैल सुटते. ओळखायचं कसं? लफच्या कडेला वर, मध्ये आणि खाली लोकरीचे धागे लावा, दोन्ही बाजूंनी. बोट हळूच वाऱ्याकडे वळवा. वाऱ्याच्या बाजूचा वरचा धागा आधी फडफडला तर कार मागे राहिली आहे, ती पुढे घ्या. खालचा आधी फडफडला तर कार मागे घ्या. तिन्ही बरोबर फडफडले की जागा सापडली. मग डेकवर ट्रॅकशेजारी खूण करून ठेवा: पूर्ण शिडाची एक, गुंडाळलेल्याची दुसरी. रात्री कुठे शोधत बसणार?

कारला दोर बांधून ती कॉकपिटातून ओढता येईल अशी सोय केली तर उत्तमच, कारण ताणाखालची कार पायाने ढकलायला डेकवर जाणं हे नको ते काम आहे.

ट्रॅक किती आत असावा यालाही महत्त्व आहे. टॅकपासून, म्हणजे शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून, लीडपर्यंतच्या रेषेचा बोटीच्या मध्यरेषेशी कोन क्रूझिंग बोटीला 10 ते 13 अंश असला की चांगली चढते. 12 अंश धरले आणि लीड टॅकपासून 3 मीटर मागे असेल तर ती मध्यरेषेपासून 64 सेंटिमीटरवर यायला हवी. 130 गुंडाळून 100 केलं की तुमचा क्लू श्राउडच्या जवळपास येईल. तिथे ट्रॅक नसेल तर शीटला मधूनच आत ओढणारा एक छोटा दोर आणि गुळगुळीत रिंग पुरते. नवा ट्रॅक ठोकायची गरज नाही.

आता सुकाणू. बोट वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते आणि टिलर (सुकाणूचा दांडा) सतत ओढून धरावा लागतो, हे आपण शिडावर ढकलतो. पण त्याचं मोठं कारण कलणं हे असतं. बोट 20 अंशांपुढे कलली की पाण्यातला आकारच वाकडा होतो आणि ती वाऱ्याकडे वळते. गुंडाळलेल्या जेनोआचं पोट मागे सरकलेलं असतं, त्याने कल आणखी वाढतो. त्यातच पुढचं शीड लहान केलं आणि मेनसेल पूर्ण ठेवलं तर जोर मागे सरकतो. म्हणून एकच शीड सारखं गुंडाळत राहू नका. जुन्या मास्टहेड बोटीला पहिला रीफ, म्हणजे शीड लहान करणं, पुढच्या शिडाला, पण 16-17 नॉट खऱ्या वाऱ्यात मेनसेललाही पहिला रीफ द्या. सुकाणू हलका झाला की समजा समतोल साधला. फ्रॅक्शनलला याच्या उलट, आधी मेनसेल.

आणि फोरस्टेचा ताण बघा. फोरस्टे ढिला असेल तर वाऱ्याने तो बाजूला झोल खातो आणि शिडाला आपोआप पोट येतं, तेही नेमकं जोराच्या वाऱ्यात, जेव्हा शीड सपाट हवं. बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार, आवळून तो झोल कमी करा. कितीही चांगलं शीड शिवून घ्या, झोल खाणाऱ्या फोरस्टेवर ते वायाच जातं.

मंद झुळूक

शिवणटाका यांचं कापडाबद्दलचं म्हणणं मला पटलं. तरी हलक्या वाऱ्याचा माझा मुद्दा सोडत नाही. 130 घेतलंत तर जेनोआ बाजूला उघडा धरणारी काठी जरूर घ्या. पाठीवरच्या वाऱ्यात मेनसेलच्या आडोशाला जेनोआ कोसळत राहतो, उलट्या बाजूला काठीने उघडा धरला की तेच शीड दुप्पट काम करतं. काठी निदान जे एवढी लांब तरी हवी. 130 ला मी त्याहून थोडी जास्त घेईन, मागेपुढे होणारी असेल तर सोय. तुमचा जुना 150 टाकून देऊ नका. 6-7 नॉटच्या दिवसात, बोट बंदरातून निघायच्या आधीच चढवून ठेवला तर अजून काही वर्षं उपयोगी पडेल.

शिवणटाका

@मंद झुळूक, त्याची शिवण आधी बघायला हवी. उन्हाने दोरा कुजलेला असतो, कापड टिकतं आणि टाका जातो. अंगठ्याच्या नखाने शिवणीवर घासून बघा, दोरा तुटला तर पुन्हा शिवल्याशिवाय वापरू नका.

भरतीची वेळ

मध्येच विचारतो, 25 नॉटच्या पुढे काय? 130 तिथे चालणार नाही, आणि फर्लर असताना दुसरं शीड कुठे चढवायचं?

उलट वारा

@भरतीची वेळ, चांगलं विचारलंत. समुद्रातल्या शर्यतींचे नियम आहेत, त्यात जोराच्या वाऱ्याच्या जिबचं क्षेत्रफळ आयच्या वर्गाच्या 13.5 टक्क्यांच्या आत आणि वादळी जिबचं 5 टक्क्यांच्या आत ठेवतात. वादळी जिबची लफ आयच्या 65 टक्क्यांपेक्षा लांब नको. पाणकाठ यांच्या बोटीला हे येतं 12.2 आणि 4.5 चौरस मीटर, लफ सहा मीटरच्या आसपास. क्रूझिंगलाही हे आकडे शहाणपणाचे आहेत.

फर्लरवरून मोठं शीड उतरवून लहान चढवायचं हे जोराच्या वाऱ्यात दोघांना जमणारं काम नाही. उतरवताना ते सगळं उघडावं लागतं, तिथेच ते हातातून जातं. म्हणून डोलकाठीपासून डेकवर येणारा, एरवी डोलकाठीशी बांधून ठेवता येणारा आतला स्टे लावतात आणि त्यावर हुकांचं छोटं जिब चढवतात. त्याच्या डेकवरच्या टोकाला आतून भक्कम आधार हवा, नुसत्या डेकला बोल्ट मारून भागत नाही. पाणकाठ बहुतेक दिवसाचे प्रवास करतात आणि अंदाज बघून निघतात, त्यांना हे आज लगेच लागणार नाही. रात्रीचे लांब प्रवास सुरू केले की लागेल.

पाणकाठ

सगळं वाचून पुन्हा मापं घेतली आणि शिडकाऱ्याशी बोललो. 130 टक्के, लफला फोम, कापड 250 ग्रॅमचं. क्लू डेकपासून जरा उंच घ्यायला सांगितला आहे, खालून पुढचं दिसावं म्हणून. थोडं क्षेत्रफळ जाईल, ते चालेल. फूटवर 115 आणि 100 च्या खुणा शिवून देणार आहे, म्हणजे कुठवर गुंडाळायचं ते कॉकपिटातून कळेल. काठीही घेणार.

एकच राहिलं. शिडकारा म्हणाला की नवीन शिडाची लफ जुन्यापेक्षा 30 सेंटिमीटर कमी ठेवू, टॅकही जरा वर येईल. यात काही धोका?

शिवणटाका

क्लू उंच घेतलात ते उत्तम. क्लू उंच असला की गुंडाळल्यावर लीड कार फार सरकवावी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

लफ कमी करायला हरकत नाही, पण शीड कमी उंचीचं झालं म्हणून फर्लरचं वरचं स्विव्हल खाली राहता कामा नये. ते खाली राहिलं की हालयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, आणि फोरस्टे जवळजवळ समांतर जातात, आणि गुंडाळताना स्विव्हल फिरायच्या ऐवजी हालयार्डच फोरस्टेभोवती वेढे घेतो. बऱ्याचदा माणसाला वाटतं फर्लर अडकला, तो जोर लावून विंचवर ओढतो आणि फोरस्टेच्या तारा तुटतात. डोलकाठी जाऊ शकते यात. फर्लर सहज फिरत नसेल तर जोर न लावता आधी वर बघा.

उपाय सोपा आहे. शिडाच्या वरच्या टोकाला कमी पडलेल्या लांबीचा, न ताणणारा दोर किंवा तार कायमची जोडून घ्या, म्हणजे स्विव्हल होतं त्याच उंचीला पोचेल. मोजायचं असं: शीड उतरवलेलं असताना स्विव्हलला टेप आणि खाली ओढायला एक बारीक दोर बांधा, हालयार्डने ते फॉइलच्या (फोरस्टेवरच्या फिरत्या नळीच्या) वरच्या टोकापासून चार बोटं खाली येईपर्यंत चढवा आणि खाली ड्रमच्या टॅक शॅकलपर्यंतचं माप घ्या. त्यातून नव्या शिडाची लफ आणि टॅक जेवढा वर घेतलाय तेवढं अंतर वजा करा. हालयार्ड आणि फोरस्टे यांच्यात वर 8-10 अंशांचा कोन सुटलेला दिसला पाहिजे, दुर्बिणीने खालूनही दिसतो.

शीड चढवल्यावर फर्लिंगचा दोरही मोजून घ्या. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं, वेढे जास्त लागतात. पूर्ण गुंडाळून वर शीटचे दोन-तीन वेढे बसतील एवढा दोर ड्रमवर हवा. बंदरात शांत वाऱ्यात बरोबर भरलेला ड्रम बाहेर 20 नॉटमध्ये कमी पडतो आणि मग क्लूचा कोपरा उघडाच राहतो, रात्रभर फडफडतो. म्हणून पहिल्यांदा गुंडाळताना शीटवर हाताने चांगला ताण धरून गुंडाळा आणि मग ड्रमवर किती दोर लागतो ते बघा.

पाणकाठ

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. टेप चढवून माप घेतो आणि शिडकाऱ्याला कळवतो. शीड हाती आलं की धाग्यांची फडफड बघून लीडच्या खुणा करेन आणि ते आकडे इथेच टाकतो.

उलट वारा

जरूर टाका. आकड्यांसोबत खरा वारा आणि मेनसेलला रीफ होता की नव्हता तेही लिहा, नाहीतर पुढच्याला त्यांचा उपयोग नाही.